वेर्नर हार्टमान आणि पूर्व जर्मनीची चिप

नमस्कार श्रोतेहो.

चिप, सेमीकंडक्टर हे शब्द हल्ली रोज बातम्यांत असतात. धोलेरा, साणंद ही नावं आपल्या सरावाची झाली आहेत. कारखान्याला किती हजार कोटी लागणार, यंत्रं कुठून येणार, जाणकार माणसं कोण देणार, याची चर्चा घरोघरी चालते. म्हणून आज मला पूर्व जर्मनीबद्दल बोलायचं आहे. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आत, म्हणजे आजच्या मुंबई महानगर प्रदेशापेक्षाही कमी. एवढ्याशा देशाने शुद्ध सिलिकॉनपासून तयार संगणकापर्यंत सगळं स्वतः बनवायचं ठरवलं, तेही सरकारी नियोजनातून, बाजाराचा आधार न घेता. त्यात तो हरला, आणि १९९० मध्ये देश म्हणूनही संपला. तो का हरला, याचं एक उत्तर चटकन दिलं जातं: समाजवादात मन लावून काम कोण करतो! हे उत्तर मला मुळीच पटत नाही. ड्रेस्डेन शहरातल्या माणसांनी जीव तोडून काम केलं होतं. त्यांतल्या एकाची हकिगत सांगितल्याशिवाय बाकीचं समजणार नाही.

त्यांचं नाव वेर्नर हार्टमान. जन्म १९१२, बर्लिनचा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हर्ट्झ यांचे ते विद्यार्थी. युद्धाच्या काळात दूरचित्रवाणीचं तंत्र विकसित करणाऱ्या कंपनीत नोकरी. १९४५ मध्ये जर्मनी पडली आणि सोव्हिएत सैन्याने यंत्रांबरोबर शास्त्रज्ञही उचलून नेले. हार्टमानही गेले. काळ्या समुद्राच्या काठी, सुखुमीजवळच्या एका संस्थेत, हर्ट्झ यांच्याच हाताखाली, सोव्हिएत अणुप्रकल्पाच्या कामावर त्यांची दहा वर्षं गेली. १९५५ मध्ये सुटका झाली. ते ड्रेस्डेनला आले आणि किरणोत्सार मोजणारी उपकरणं बनवणारा ‘वाकुट्रॉनिक’ हा सरकारी कारखाना त्यांनी उभा केला. तो उत्तम चालला होता. मनात आणलं असतं तर त्याच खुर्चीवर बसून ते सुखाने निवृत्त झाले असते.

पण त्यांचं लक्ष अमेरिकेकडे होतं. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर पूर्ण सर्किट करून दाखवलं. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांनी ते सिलिकॉनवर कारखान्यात कसं बनवता येईल, याचा मार्ग काढला. तेव्हा पूर्व जर्मनीत ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारे छोटे भाग, बनत होते, नाही असं नाही. बर्लिनशेजारच्या टेल्टोमध्ये आणि फ्रांकफुर्टमध्ये. हे फ्रांकफुर्ट म्हणजे पोलंडच्या सीमेवरचं, ओडर नदीकाठचं. बँकांचं प्रसिद्ध फ्रांकफुर्ट वेगळं. पण ते सगळं काम जर्मेनियम या मूलद्रव्याचं, एकेक सुटा ट्रान्झिस्टर बनवण्याचं. हार्टमान यांचं म्हणणं असं की सुट्या भागांचे दिवस भरत आले, पुढचा जमाना एका तुकड्यावर सगळं सर्किट बसवण्याचा आहे. हे त्यांनी सरकारच्या गळी उतरवलं आणि १ ऑगस्ट १९६१ रोजी ड्रेस्डेनमध्ये ‘मॉलेक्युलर इलेक्ट्रॉनिक्स’चं संशोधन केंद्र सुरू झालं. इंटिग्रेटेड सर्किटला तेव्हा हे नाव होतं. किल्बी यांच्या प्रयोगाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. इतक्या लवकर ही दिशा ओळखणारी माणसं तेव्हा युरोपात फार नव्हती.

आणि बारा दिवसांनी, १३ ऑगस्टला, बर्लिनची भिंत उभी राहू लागली.

या दोन तारखा मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. चिपचा उद्योग सर्वांत जास्त कशावर जगतो, तर देवाणघेवाणीवर. आजही जगातला कुठलाच देश चिप सर्वस्वी एकट्याने बनवत नाही. यंत्र एकाचं, रसायन दुसऱ्याचं, भिंगं तिसऱ्याची. अशा उद्योगाचं रोपटं लावलं आणि त्याच पंधरवड्यात दार बंद केलं.

पश्चिमेकडूनही दार बंदच होतं. अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची ‘कोकॉम’ नावाची समिती पॅरिसमधून ठरवायची की समाजवादी देशांना कुठलं तंत्र विकायचं नाही. चिप बनवायची यंत्रं त्या यादीत अग्रभागी. मग हार्टमान यांच्या माणसांनी भट्ट्या स्वतः बनवल्या, मोजमापाची साधनं स्वतः बनवली. येना शहरातल्या कार्ल झाइस कंपनीकडे भिंगांची पिढीजात विद्या होती. तिथे पुढे सिलिकॉनवर नक्षी छापणारी यंत्रं तयार झाली आणि ती खरोखर चांगली होती. फ्रायबर्गमध्ये अतिशुद्ध पदार्थ तयार होत. म्हणजे हुन्नर होता. पण अमेरिकेत पन्नास कंपन्या मिळून जे करत होत्या, ते इथे मोजक्या सरकारी कारखान्यांनी करायचं, आणि एखादा वायू पुरेसा शुद्ध मिळाला नाही तर दुसरा पुरवठादार नाही. पुढच्या पंचवार्षिक योजनेची वाट पाहायची.

मोठा भाऊ सोव्हिएत संघ मदतीला होता का? होनेकर यांच्या आधीचे पूर्व जर्मनीचे नेते वॉल्टर उल्ब्रिख्त यांच्या काळात तशी आशा होती. मॉस्कोजवळ झेलेनोग्राद नावाचं अख्खं शहर १९६२ नंतर चिपच्या कामाला लावलं गेलं होतं. त्यामागे स्टारोस आणि बेर्ग नावाचे दोन अभियंते होते. त्यांची खरी नावं आल्फ्रेड सॅरंट आणि जोएल बार. दोघेही अमेरिकन, कम्युनिस्ट, सोव्हिएत संघाला अमेरिकेची गुपितं पुरवल्याच्या रोझेनबर्ग हेरगिरी प्रकरणानंतर नावं बदलून सोव्हिएत बाजूला गेलेले. ही हकिगत स्वतंत्र भाषणाची आहे, आज तिच्यात शिरत नाही. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की झेलेनोग्रादचं काम प्रामुख्याने लष्करासाठी चालायचं आणि लष्करी गुपितं बंधुराष्ट्रालाही दाखवत नसत. त्यामुळे एकाच गटातले देश तीच चाचपडत शोधलेली वाट पुन्हा पुन्हा शोधत राहिले.

१९७१ मध्ये एरिक होनेकर सत्तेवर आले. त्यांनी पैसा घरांकडे आणि रोजच्या वापराच्या वस्तूंकडे वळवला. त्यांना मी यासाठी दोष देणार नाही. लोक खरोखर जुन्या, ओल आलेल्या घरांत राहत होते. पण ड्रेस्डेनच्या केंद्राची ओढाताण सुरू झाली, आणि काम मागे पडलं की गुन्हेगार शोधायची त्या राजवटीची रीतच होती. हार्टमान पक्षाचे सभासद नव्हते. सडेतोड बोलायचे. विज्ञान सीमा मानत नाही, असं वागायचे. गुप्त पोलीस, म्हणजे स्टासी, त्यांच्यावर कित्येक वर्षं नजर ठेवून होते. त्यांच्याच सहकाऱ्यांकडून खबरा घेतल्या जात होत्या. पश्चिमेशी संधान, मुद्दाम काम लांबवणं, असले संशय. १९७४ मध्ये त्यांना स्वतः उभारलेल्या संस्थेतून काढण्यात आलं. चौकशा झाल्या. गुन्हा काही सिद्ध झाला नाही. मग फ्रायबर्गच्या कारखान्यात साध्या पदावर, कमी पगारावर नेमणूक. चिपच्या संशोधनाशी त्यांचा संबंध संपला.

इथे मला खरोखर संताप येतो. कारण जेमतेम तीन वर्षांनी, जून १९७७ मध्ये, पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव केला की मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सला आता सर्वोच्च प्राधान्य द्यायचं! जे हार्टमान सोळा वर्षं सांगत होते, तेच. एरफुर्टमध्ये कारखान्यांचा मोठा समूह बांधला गेला. पैसा ओतला गेला. ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, त्याला मात्र कुणी बोलावलं नाही.

वेळ हातातून गेली होती, म्हणून नक्कल हा मार्ग उरला. पश्चिमेची चिप मिळवायची, तिचे थर एकेक करून रसायनाने उतरवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घ्यायची आणि हजारो ट्रान्झिस्टरांची जोडणी कागदावर उलगडायची. हे काम सोपं समजू नका. झायलॉग कंपनीच्या झेड-८० प्रोसेसरची नक्कल असलेला यू-८८० एरफुर्टहून १९८० च्या सुमारास बाहेर पडला आणि तो भरवशाचा निघाला. त्यावर पूर्व जर्मनीचे छोटे संगणक चालले, कारखान्यांतली यंत्रं चालली, आणि पोली-प्ले नावाचं नाण्यावर चालणारं व्हिडिओ गेमचं यंत्रसुद्धा. पण नक्कल करणाऱ्याला एखादी गोष्ट कशी केली हे दिसतं, तशीच का केली हे दिसत नाही. आणि तुमची नक्कल तयार होईपर्यंत मूळ माणूस पुढच्या पिढीवर गेलेला असतो. अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीला ही नक्कल इतकी ठाऊक होती की त्यांनी आपल्या सीव्हॅक्स चिपच्या एका कोपऱ्यात, मोडक्यातोडक्या रशियनमध्ये, डोळ्यांना न दिसेल इतक्या बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: चोरायचंच असेल तर सर्वोत्तम चोरा.

चोरी आणि चोरटी खरेदी स्टासीमार्फत चालायची. त्यासाठी खास विभाग होता. त्यातला वेर्नर श्टिलर नावाचा अधिकारी जानेवारी १९७९ मध्ये कागदपत्रांसकट पश्चिमेला पळाला, तेव्हा त्या विभागाचा पसारा उघड झाला. तरी काम थांबलं नाही. ८० च्या दशकात जपानच्या तोशिबाकडून २५६ किलोबिट मेमरी चिपचं तंत्र गुप्तपणे विकत घेतलं गेलं. पुढे सोव्हिएत संघाला यंत्रं विकल्याच्या दुसऱ्या प्रकरणात तोशिबा अडचणीत आली आणि तिने हा सौदा मोडून कागद आणि चिप छापायचे साचे नष्ट करायला सांगितलं. कंपनीच्या माणसांसमोर साचे आम्लात बुडवले गेले. बुडवले ते बनावट होते.

१२ सप्टेंबर १९८८. झाइसचे प्रमुख वोल्फगांग बीरमान यांनी होनेकर यांच्या हाती यू-६१००० सुपूर्द केली. एक मेगाबिट, म्हणजे दहा लाखांहून जास्त बिट साठवणारी, ड्रेस्डेनमध्ये घडलेली चिप. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छायाचित्रं आली. हार्टमान त्याच वर्षी ८ मार्चला ड्रेस्डेनमध्येच वारले होते.

ही चिप खोटी नव्हती, श्रोतेहो, हे मुद्दाम सांगतो. दाखवण्यापुरते नमुने बनवणं मात्र वेगळं आणि लाखांनी माल काढणं वेगळं. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम छापल्या जातात. धुळीचा एक कण पडला की एक चिप वाया. सुरुवातीला बहुतेक फुकट जातात. हजारो चकत्या काढत काढत चुका सापडतात, चांगल्या चिपांचं प्रमाण वाढतं आणि किंमत कोसळते. या उद्योगाचं सगळं अर्थशास्त्र इथे आहे. जपान जगाला विकत होता, त्यामुळे त्याला लाखो चुका करून शिकणं परवडलं. पूर्व जर्मनीला गिऱ्हाईकच मूठभर. १९८९ च्या ऑक्टोबरअखेरीस नियोजन आयोगाचे प्रमुख गेरहार्ड शुरर यांनी पक्षश्रेष्ठींसमोर हिशेब मांडला. २५६ किलोबिटच्या एका चिपला देशात उत्पादन खर्च ५३४ मार्क. जागतिक बाजारात तीच चार-पाच पश्चिमी मार्कांना. दोन्ही मार्कांचं मोल सारखं नव्हतं, पण तो फरक धरूनही आकडा भयंकर आहे. आणि हा हिशेब नियोजन करणाऱ्यांना आधीही दिसत होता. अडीच महिन्यांपूर्वीच, १४ ऑगस्टला, एरफुर्टच्या ३२ बिट प्रोसेसरचा नमुना स्वीकारताना होनेकर म्हणाले होते की समाजवादाची वाटचाल ना बैल रोखू शकेल, ना गाढव. ९ नोव्हेंबरला भिंत पडली.

एकीकरणानंतर हे कारखाने उघड्या बाजारात एका रात्रीत उभे करण्यात आले. हजारो कुशल माणसं घरी बसली. एरफुर्ट आणि ड्रेस्डेनमध्ये काही तुकडे तगले, बाकी मोडीत. पण क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत, काम करायची सवय असलेली माणसं एकाच शहरात एवढ्या संख्येने पश्चिम युरोपात कुठे होती? सीमेन्सने १९९३ च्या अखेरीस ड्रेस्डेनची निवड जाहीर केली. मग अमेरिकेची एएमडी आली, तिचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. आज तो ग्लोबल फाउंड्रीज चालवते. २०२१ मध्ये बॉश. २० ऑगस्ट २०२४ रोजी तैवानच्या टीएसएमसीने बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी यांच्या भागीदारीत तिथेच पायाभरणी केली. सरकारी अनुदानाचा यात मोठा वाटा आहे, हेही खरं. तरी १९६१ मध्ये हार्टमान यांनी हे शहर निवडलं नसतं, तर या कंपन्यांना तिथे यायला फारसं कारण उरलं नसतं.

आपल्याकडची बरीच मुलं आता ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकायला आणि या कारखान्यांत कामाला जातात. त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल तर एक विनंती. तिथे एर्नेमान कॅमेऱ्याच्या जुन्या कारखान्यात तंत्रसंग्रहालय आहे. हार्टमान यांनी अखेरच्या वर्षांत टंकलिखित केलेल्या आठवणी आणि त्यांचे कागद तिथे जतन केले आहेत. जर्मन येत असेल तर ते जरूर पाहा, आणि त्यांचा मराठीत परिचय करून देणारं काही लिहिलंत, तर मी ते आनंदाने वाचेन.