कोवळ्या कलमाची कैरी का गळते?

नमस्कार श्रोतेहो.

माघातली गोष्ट. सकाळी कलमांच्या आळ्यांत वाळल्या पानांचा पातेरा पसरत होतो, तोच वाडीतला एक तरुण बागायतदार पिशवी घेऊन आला. मुंबईची नोकरी सोडून त्याने कातळावर चाळीस हापूस लावलेत, यंदा तिसरं वर्ष. ओटीवर पिशवी ओतली. वाटाण्याएवढ्या, गोटीएवढ्या, दोन-चार सुपारीहून मोठ्या अशा ओंजळभर कैऱ्या.

"काका, एका कलमाखालच्या आहेत ह्या. कुठलं औषध मारू?"

"औषधाचं नंतर बघू. आधी काकूकडून सुरी घेऊन ये."

तुम्हीही हेच करा. गळलेल्या कैरीचा आधी देठ बघायचा. टोक कापल्यासारखं स्वच्छ असेल तर कैरी झाडाने आपणहून सोडलीय. फाटलेलं असेल तर वारा, नाहीतर वानर. मग कैरी उभी चिरायची. आमच्या ओंजळीतल्या वाटाण्याएवढ्या कैऱ्यांत बी तपकिरी पडून आक्रसलेली निघाली. म्हणजे तिथे फळ नीट धरलंच नव्हतं.

आंब्याच्या एका मोहोराला हजारभर फुलं सहज असतात, पण त्यांतली बरीचशी नर. फळ धरू शकतील अशी संयुक्त फुलं हापूसला मुळातच कमी, आणि स्वतःच्या परागावर हापूस नीट धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड हवं आणि पराग वाहून न्यायला माश्या हव्यात. हो, साध्या माश्याच, आंब्यावर मधमाशीपेक्षा त्यांचंच काम जास्त. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारलं, की मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर ह्या माश्यांचाही निकाल लागतो. फळाच्या आतली बी जिवंत असेपर्यंत तिच्यात तयार होणारं संजीवक, म्हणजे वाढ चालवणारं द्रव्य, देठातून खाली उतरत राहतं आणि देठाचा सांधा घट्ट राहतो. बी मेली की ते थांबतं, सांध्यातल्या पेशी सुटायला लागतात, आणि मग जरा वारा आला तरी पुरे. एका मोहोरावर शेवटी एक फळ टिकलं, फार तर दोन, तरी हापूसचं भागलं म्हणायचं. एवढी गळ साठ वर्षांच्या झाडालाही असते. तिची काळजी करत बसू नये.

सुपारीहून मोठ्या कैऱ्या चिरल्या, तर बी पांढरी, टणक, कुठे डाग नाही, अळी नाही. कोवळ्या कलमाचं खरं दुखणं हे.

कलम म्हणजे काय? जुन्या, फळत्या झाडाची काडी रायवळच्या रोपावर बांधलेली. काडी वयाने मोठीच असते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर काढते. खाली मुळं मात्र तीन वर्षांची. डोकं आईचं आणि पाय पोराचे! एक आंबा पोसायला कितीतरी पानांची कमाई लागते, आणि तेवढी पानंच अजून झालेली नसतात. त्यात मोहोराशेजारी पालवी फुटली की अन्नरस ती ओढते. कातळ फोडून केलेल्या खड्ड्यात माती ती किती? फेब्रुवारी-मार्चात ऊन चढलं की ती दोन दिवसांत कोरडी. मग झाड आधी स्वतःला जगवतं आणि कैरी सोडतं. माझ्या मते ते शहाणपणाने वागतं, आपणच घाई करतो.

कैरीवर काळे डाग असतील तर करपा, देठाजवळ पांढुरकी पूड दिसली तर भुरी, त्यांचे उपाय वेगळे. थंडी लांबली की फळं धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीच्या कैऱ्या गळतात, तो पुनर्मोहोर मोठ्या झाडांचाही शत्रू. त्याच्यासाठी जिब्रेलिक ॲसिड असतं, तो विषय आज नको.

तर, औषध कुठलं? सात-आठ वर्षांच्या कलमाला मी सांगितलं असतं, की कैऱ्या वाटाण्याएवढ्या आणि पुन्हा गोटीएवढ्या असताना एनएए, म्हणजे गळ रोखणारं तयार संजीवक, २० पीपीएम फवार, म्हणजे ५० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध घटक. बाजारातलं द्रावण मात्र सौम्य असतं, तेव्हा बाटलीवरचं प्रमाण वाचून हिशेब करावा. तीन वर्षांच्या पोराला एकच उपाय: मोहोर खुडायचा. ओरबाडायचा नाही, बुडाशी कात्रीने कापायचा, खालची पानं राखून. चौथं वर्षही असंच गेलं तर बिघडत नाही. आणि लवकर फळासाठी एवढ्याशा कलमाला कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, घालायचा मोह तर नकोच.

त्याचा चेहरा पडला. तीन वर्षं पाणी वाहून आणल्यावर कुणाचाही पडेल. मी त्याला आळं खोडापासून जरा लांब, फांद्यांच्या घेराखाली करायला सांगितलं, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात. वर चार बोटं पातेरा. आणि चाळीसच्या चाळीस हापूसच का? पावसाळ्यात बांधाला चार-पाच केसर, मानकूर किंवा रत्ना लाव म्हटलं. रत्ना आपल्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातली, नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली आलेली.

जाताना त्याने विचारलं, "मग ह्या कैऱ्यांचं काय? आई तोरं मिठात घालते."

तोरं घालायला झाडावरून काढलेली हवीत, पडून ठेचकाळलेली आठ दिवसांत मऊ पडतात. शिवाय त्याने आदल्याच आठवड्यात तुडतुड्यांवर फवारणी केली होती. काकूने ओंजळ उचलली आणि खड्ड्यात पुरून टाकली.