रात्री साडेअकराचा वर्ग

(दृश्य: नाशिक. स्वयंपाकघर. ओटा पुसलेला. डायनिंग टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाईल, शेजारी दोनशे पानी वही.)

साडेअकरा वाजलेत. उद्याच्या डब्याची मटकी भिजत घातलीय, मुलगा झोपलाय, आणि ताईचा वर्ग आत्ता भरतोय. फळा मोबाईलच्या पडद्याएवढा. विद्यापीठ इंग्लंडमधलं, मिल्टन कीन्स नावाच्या गावातलं. विषय ऑटिझम. फी काही नाही.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तो तीनचा असताना डॉक्टरांनी कागदावर तीन इंग्रजी अक्षरं लिहून दिली, ए एस डी, म्हणजे ऑटिझम, आणि बजावलं, ‘उगाच गूगल करत बसू नका.’ रिक्षा घरी पोचायच्या आत तिचं गूगल करून झालं होतं.

काय मिळालं? एका व्हिडिओत तूप. दुसऱ्यात नव्वद दिवसांत मूल ‘नॉर्मल’ करून देण्याची हमी. आणि तिसऱ्यात, अर्थातच, लस. ही लशीची गोष्ट १९९८ची. लंडनमधल्या अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने १२ मुलांवरचा एक लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्रित लस ऑटिझमशी जोडली. २०१०मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला, त्याच वर्षी डॉक्टरची डॉक्टरकीही गेली. पण व्हॉट्सअॅपपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

या गदारोळात कुणीतरी ताईला एक लिंक पाठवली. ओपन युनिव्हर्सिटीचा ऑटिझमवरचा कोर्स. आठ आठवड्यांचा, आठवड्याला तीनेक तासांचा.

(दृश्य: जुने कृष्णधवल टीव्ही संच. मग गंगापूर रोड, मुक्त विद्यापीठाची कमान.)

ओपन युनिव्हर्सिटी १९६९ची. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या हॅरॉल्ड विल्सन यांनी ‘हवेतून शिकवणाऱ्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली, जेनी ली या मंत्रीणबाईंनी ती तडीस नेली. १९७१मध्ये पहिले विद्यार्थी आले. प्रवेशासाठी आधीची गुणपत्रिका कुणी मागितली नाही. बीबीसीवर आडवेळेला, रात्री-पहाटे, व्याख्यानं लागायची. कामावरून आलेली माणसं डोळे चोळत ती बघायची. म्हणजे रात्री साडेअकराचा वर्ग ही या घराण्याची जुनीच रीत.

त्याच वाटेने आपल्याकडे १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’. माझ्या मावशीने, म्हणजे ताईच्या आईने, दोन मुलं झाल्यावर तिथूनच बीए केलं. मावशीची पुस्तकं पोस्टाने यायची. ताईची मोबाईलवर येतात. ओपन युनिव्हर्सिटीने २००६मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचा एक भाग ‘ओपनलर्न’ या नावाने जगासाठी खुला केला, त्यातलाच हा कोर्स.

एकटा हाच आहे असं नाही. केंट विद्यापीठाचा आहे, बाथचा शिक्षकांसाठीचा आहे, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचा आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने तर एकेका शिकवण्याच्या पद्धतीवर छोटे छोटे पाठ करून ठेवलेत. सगळ्यांची यादी मी देणार नाही. आठ कोर्सेसना नाव नोंदवून एकही पूर्ण न करणारे लोक मला माहीत आहेत, त्यात मीही आहे.

ताईने मात्र पहिला आठवडा दोनदा केला. त्यातल्या एका गोष्टीसाठी.

(दृश्य: ताईची वही. ‘१९४३’ या आकड्याभोवती दोनदा काढलेलं वर्तुळ.)

१९४३. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची हकिगत लिहिली. मुलं माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, सगळं जिथल्या तिथे लागणारी, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत बोलणारी. निरीक्षण विलक्षण बारीक. पण त्याच लेखात या मुलांच्या आईबापांत ओलावा कमी दिसतो, असंही त्यांनी नोंदवलं. मग पुढची पंचवीसेक वर्षं त्या एका शेऱ्याचं झाड झालं. ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्दच निघाला. फ्रिजसारखी थंड आई. मुलांच्या मनावर लिहिणारे लेखक ब्रूनो बेटेलहाइम यांनी ही कल्पना घरोघर पोचवली. १९७७मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यातून आनुवंशिकतेचा धागा स्पष्ट दिसला आणि आईला दोष देणाऱ्या कल्पनेचा पायाच सुटला.

ताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला काय सांगितलं गेलं होतं? ‘तू नोकरीवर जायचीस, पोराशी बोलायला घरात होतं कोण?’ ‘दिवस असताना ग्रहण पाळलं नाहीस.’ फ्रिज हा शब्द तेवढा कुणी वापरला नाही. त्या रात्री तिने व्हिडिओ थांबवला, जुळ्यांचा आकडा वहीत लिहिला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं.’ एवढंच. पण तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मला विचाराल तर या कोर्सची खरी किंमत इथे आहे. लक्षणांच्या याद्या कुठेही मिळतात.

(दृश्य: पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘स्वमग्न’.)

आता आपल्या शब्दाकडे येऊ. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द देखणा आहे, आणि मूळ शब्दाशी इमानदारही. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला होता. म्हणजे आपण एका चुकीच्या पत्त्याचं अगदी अचूक भाषांतर करून ठेवलंय.

कारण मूल खरंच स्वतःत मग्न असतं का? मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवून पळणारं मूल स्वतःत नाही, ते मिक्सरमध्ये अडकलंय. गणपतीत ढोलाचं पथक गल्लीच्या तोंडाशी येतं, तेव्हा ताईचा मुलगा पलंगाखाली जातो. बाहेरचं जग त्याला कमी नाही, जास्त पोचतं. निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ही संवेदनांची बाब स्वतंत्र निकष म्हणून यायला २०१३ साल उजाडलं.

आणि दुसरं. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत, पुढे केंट विद्यापीठात शिकवू लागले. २०१२मध्ये त्यांनी साधा प्रश्न टाकला: ऑटिस्टिक माणसाला आपलं मन कळत नाही म्हणता, पण आपल्याला तरी त्याचं कुठे कळतं? टाळी दोन हातांनी वाजते, तशी ती हुकतेही दोन हातांनी. याला ते ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ म्हणतात.

यावर एक मजेशीर प्रयोग झाला. आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना, एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायचं आणि शेवटच्याने भलतंच काही बोलायचं, साधारण तोच खेळ. संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. काही सगळ्या ऑटिस्टिक, काही सगळ्या बिगर-ऑटिस्टिक, काही मिश्र. २०२०मध्ये निकाल छापला. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी कुठेही कमी पडली नाही, गोष्ट गळली ती मिश्र साखळीत. निकाल सगळ्यांना आवडला, जगभर फिरला. मग त्याच मंडळींनी तीनशेहून जास्त लोकांना घेऊन तो प्रयोग पुन्हा केला, आणि २०२५मध्ये सांगितलं की या वेळी तिन्ही साखळ्यांत फरक दिसला नाही. मिश्र साखळीतही गोष्ट नीट पोचली.

आधीचं चुकलं म्हणायचं? ऑटिस्टिक माणसं आपसात चांगली बोलतात, हे दोन्ही वेळा दिसलं. फक्त ती गळतीची गोष्ट तेवढी सोपी नाही. पण कोर्सच्या व्हिडिओला एकदा चित्रित झाल्यावर हे कळत नाही. तो जुनं तेच, त्याच हसऱ्या चेहऱ्याने सांगत राहतो. व्हिडिओखाली साल बघायची सवय लावून घ्यायला हवी.

(दृश्य: सकाळ. मुलगा खिडकीशी. बाटलीचं झाकण फिरवतोय, उघडतोय, फिरवतोय.)

तहान लागली की हा म्हणतो, ‘तुला पाणी हवंय?’

त्याला विचारलं जातं त्या शब्दांत तो मागतो. कॅनरच्या त्या ११ मुलांतही हे होतं, ‘मी’च्या जागी ‘तू’. इंग्रजी कोर्समध्ये ही सर्वनामांची अदलाबदल दोन वाक्यांत आटोपते, कारण इंग्रजीत ती बहुतेक एका शब्दाची अदलाबदल आहे. मराठीत तिच्यामागे अख्खं वाक्य ओढलं जातं. ‘तू जेवलास’, ‘मी जेवलो’, आणि आई स्वतःबद्दल बोलताना ‘मी जेवले’. आईचं ऐकून हा पोरगा ‘मी जेवले’ म्हणतो, आणि पाहुणे हसतात. मिल्टन कीन्समध्ये बसून हे कुणाला दिसणार? नजरेला नजर देण्याचंही तसंच. मोठ्यांच्या डोळ्यांत बघू नये असं शिकवणाऱ्या घरात ते लक्षण कसं मोजायचं, हे ज्याचं त्याने ताडून बघायचं.

मग मराठीत का नाही? इथे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक येतो. बरेच कोर्स फुकट असतात, म्हणजे बघायला पैसे नाहीत. काही ठिकाणी ठरावीक आठवड्यांनी दार बंद होतं, काही ठिकाणी प्रमाणपत्राचे पैसे पडतात. ओपनलर्नचा बहुतेक मजकूर मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. नफ्यासाठी नसेल, मूळ श्रेय दिलं आणि आपलं भाषांतरही त्याच अटींवर खुलं ठेवलं, तर कुणीही तो आपल्या भाषेत न्यावा. मराठीतसुद्धा. कायदा आड येत नाही, आड येतो तो आपला आळस.

प्रमाणपत्राबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण हल्ली अशी प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली दिसतात. कोर्स केल्याने थेरपिस्ट होता येत नाही. भारतात विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. निदान त्यातले तज्ज्ञच करणार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण त्याचा दाखलाही सरकारी वैद्यकीय मंडळाकडूनच मिळणार.

(दृश्य: इथिओपियाचा नकाशा. मातीचा रस्ता. आरोग्य सेविकेची पिशवी.)

शिकवण्याचा एक धोका आहे, तो इथिओपियात दिसला. तिथल्या खेड्यांतल्या आरोग्य सेविका, आपल्या आशाताईंसारख्याच. ओपन युनिव्हर्सिटीच्या सहभागाने त्यांना बालमनाचं छोटं प्रशिक्षण मिळालं, काहींना जोडीला ऑटिस्टिक मुलांचे व्हिडिओही. २०१९मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रशिक्षण घेतलेल्या सेविकांचे गैरसमज कमी होते, मुलांना दूर ठेवण्याची वृत्तीही कमी होती. पण या मुलांचं पुढे काही चांगलं होईल, ही आशा मात्र नुसतं मूळ प्रशिक्षण घेतलेल्यांत, प्रशिक्षणच न घेतलेल्या सेविकांपेक्षा कमी निघाली. लक्षणांची यादी पाठ झाली की मूल यादीएवढंच दिसू लागतं की काय, कुणास ठाऊक.

ताईला हे मी सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणूनच मी सहाव्या आठवड्यावर अडकलेय.’ सहावा आठवडा उपचारांचा होता. दोन महिने झाले, पुढे गेली नाही.

(दृश्य: पुन्हा रात्र. तेच टेबल.)

सध्या ती कोर्स करतच नाहीये. भाषांतर करतेय. बालवाडीच्या बाईंसाठी, चार पानांचं. बाई चांगल्या आहेत, पण इंग्रजी व्हिडिओ लागला की त्यांना झोप येते, असं त्यांनीच सांगितलं. चौथ्या पानावर ताई एका शब्दाशी थांबलीय, ‘मेल्टडाऊन’. आवाज, उजेड, गर्दी सगळं अंगावर येऊन मूल कोसळतं, ते. बाई त्याला हट्ट म्हणतात. ताईने आधी ‘आक्रोश’ लिहिलं, खोडलं. ‘आकांत’ लिहिलं, तेही खोडलं.

मी म्हटलं, ‘सहनशक्तीचा कडेलोट म्हणतो ना आपण. नुसतं कडेलोट लिही.’

‘बाईंना वाटेल मी मुलाला रायगडावरून ढकललं,’ ती म्हणाली. पण लिहिलं. पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि मटकीचं पाणी बदलायला उठली.