तक्रार ऐकणारे मंडळ कुठे आहे?

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. इथे बसलेल्या माझ्या वयाच्या अनेकांनी ते शेजारच्या घरात, दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगातून वाट काढत आत शिरून पाहिलेले आहेत. त्या दिवसांच्या आठवणी काढायला मात्र मी आज उभा राहिलेलो नाही. सह्याद्री वाहिनीवर तेच ते कार्यक्रम पुन्हा का लागतात, मुलांसाठी मराठीत नवे काही का होत नाही, पूर्वीसारखी नाटके का दिसत नाहीत, असे प्रश्न आपण एकमेकांना विचारतो आणि केंद्रातल्या माणसांना दोष देऊन मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की या प्रश्नांची उत्तरे स्टुडिओत कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त सापडतात.

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्याच्याबरोबर एक लहानसे पुस्तकही आले. ते परवान्याचे पुस्तक होते. रेडिओचे वेगळे, टीव्हीचे वेगळे. टीव्हीसाठी वर्षाला पन्नास रुपये पोस्टात भरायचे, त्या रकमेची तिकिटे पुस्तकात चिकटवून घ्यायची आणि त्यांवर तारखेचा शिक्का नीट उमटला आहे की नाही हे खिडकीशीच पाहून घ्यायचे. वडील ते पुस्तक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवत असत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हा परवाना रद्द झाला आणि सगळ्यांनाच बरे वाटले. त्या शुल्काने प्रेक्षकाच्या हाती काही सत्ता दिली होती असे मी म्हणणार नाही, कारण दूरदर्शन तेव्हाही सरकारी खातेच होते. पण कार्यक्रम आणि तो पाहणारे घर यांना पैशाने जोडणारा एक धागा तरी होता. तो तुटला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही बांधला गेला नाही.

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झालेल्या होत्या. १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली आणि प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. प्रायोजित कार्यक्रमाची रीत सर्वांना ठाऊक असावी म्हणून सांगतो. निर्माता दूरदर्शनला प्रक्षेपणाचे शुल्क भरतो, त्या बदल्यात त्याला जाहिरातींसाठी काही वेळ मिळतो, आणि तो वेळ विकून त्याने आपला खर्च भागवायचा असतो. या व्यवस्थेत साबण किंवा टूथपेस्ट खपवू शकणाऱ्या कार्यक्रमाला वाट मिळते. ज्या कार्यक्रमाचा प्रेक्षक कोरडवाहू शेतकरी आहे किंवा आठ वर्षांचे मूल आहे, त्याच्यासाठी प्रायोजक कुठून आणायचा? शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’ किंवा लोकशिक्षणाचा ‘ज्ञानदीप’ हे कार्यक्रम बाजाराने उभे केलेले नव्हते. ‘ज्ञानदीप’ पाहणाऱ्यांनी तर गावोगावी आपली मंडळे स्थापन केली होती. एखाद्या कार्यक्रमाभोवती प्रेक्षक स्वतःहून संघटित होतात, ही सार्वजनिक दूरचित्रवाणीची सर्वांत मोठी कमाई म्हणायला हवी, आणि जाहिरातीच्या दरपत्रकात तिला रकाना नाही.

याच सुमारास दुसरी गोष्ट घडत होती. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दिसू लागला आणि संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेतला मराठीचा वाटा आकसला. १९९४ मध्ये मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी मिळाली, तीच पुढे सह्याद्री झाली. वेळेचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. पैशाचा सुटला नाही.

आता हिशेबाच्या वहीकडे येतो. २०१२ मध्ये केंद्र सरकारने असा निर्णय घेतला की दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकार पूर्णपणे देईल आणि रोजच्या कामकाजाचा खर्च संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून करावा. पाच वर्षांसाठी केलेली ही सोय पुढेही चालू राहिली. वरवर पाहता ती उदार वाटते. परंतु तिचा परिणाम काय होतो ते पाहा. पगार थांबत नाही, वीज आणि उपग्रहाचे भाडे थांबवता येत नाही, आणि उत्पन्न घटले की हात घालण्यासारखी एकच जागा उरते, ती म्हणजे नवा कार्यक्रम. लेखकाचे मानधन, बाहेरचे चित्रीकरण, कलाकारांच्या तालमी, हे सगळे तिथे कापले जाते. आपण जिला पुनःप्रक्षेपण म्हणून नाके मुरडतो ती बहुतेक वेळा या कात्रीची खूण असते. प्रसार भारतीचा आढावा घेणाऱ्या सॅम पित्रोदा यांच्या समितीने २०१४ च्या अहवालात कार्यक्रमांच्या निर्मितीवर अधिक खर्च व्हायला हवा, हेच सांगितले होते. २०२३ च्या जानेवारीत प्रसार भारतीसाठी मंजूर झालेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या योजनेचा भरही प्रामुख्याने यंत्रणा आणि जाळे यांवर आहे. यंत्रणा हवीच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण चूल नवी बांधली म्हणून भात शिजत नाही, तांदूळही आणावा लागतो.

डीडी फ्री डिशचे, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर वाहिन्या पोहोचवणाऱ्या प्रसार भारतीच्या सेवेचे, उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही, म्हणूनच ती वाड्या-वस्त्यांवर पोहोचली, आणि हे फार मोठे काम आहे. तिच्यावर वाहिनी दाखवण्याच्या जागांचा लिलाव होतो, खाजगी वाहिन्या त्या घेतात, आणि प्रसार भारतीला त्यातून मोठे उत्पन्न मिळते. प्रेक्षक म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे की त्या उत्पन्नातला किती भाग सह्याद्रीवर नवे मराठी कार्यक्रम करण्यासाठी येतो.

हा प्रश्न विचारायचा कुणाला? संसदेने याचे उत्तर देऊन ठेवलेले आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा; तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९७ उजाडले. त्याच्या १४ व्या कलमात एका प्रसारण परिषदेची तरतूद आहे. तिच्यात एक अध्यक्ष, सार्वजनिक जीवनातले दहा मान्यवर आणि चार खासदार असावेत, आणि एखादा कार्यक्रम संस्थेच्या उद्दिष्टांना धरून नाही अशी तक्रार कोणाही व्यक्तीकडून तिने ऐकून घ्यावी, असे कायदा म्हणतो. गरजेप्रमाणे प्रादेशिक परिषदाही नेमता येतात. त्याआधी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला होता, आणि तो देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे महाराष्ट्राने विसरू नये. मालमत्ता जनतेची ठरली, तक्रारीचा हक्क कायद्यात लिहिला गेला, आणि तो ऐकणारी परिषद मात्र कधी उभीच राहिली नाही. आपली नाराजी ओसरीवरच्या गप्पांत विरून जाते याचे कारण माझ्या मते हे आहे.

म्हणून आपण पत्रे लिहिताना अमुक मालिका बंद करा, तमुक सुरू करा, असे लिहू नये अशी माझी विनंती आहे. १४ व्या कलमाखालील परिषद नेमावी आणि मुंबईत तिची प्रादेशिक शाखा असावी, ही मागणी आपल्या खासदाराकडे लेखी द्यावी. ती परिषद बसली तर माझा पहिला अर्ज तयार आहे. मागच्या आर्थिक वर्षात सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी मराठीत किती तास नवी निर्मिती झाली आणि तिच्यावर किती रुपये खर्च झाले, एवढ्या दोनच आकड्यांची मागणी मी त्यात केलेली आहे.