बर्फाखालची गरी

[काळा पडदा. लांबून येणारा, घुमणारा आवाज. जमिनीच्या पोटात कुणीतरी ओंडका ओढत नेतंय असा.]

हा आवाज बर्फाचा आहे. रात्री थंडी वाढली की बर्फाची चादर ताणली जाते, आकसते, कुठेतरी तडकते, आणि तो ताण या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमत जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. आम्ही पाच जण याच बर्फावर, एका लाकडी खोलीत बसलो होतो. पायांखाली दीड हात बर्फ, त्याखाली अठ्ठावीस फूट पाणी, आणि त्या पाण्यात सोडलेले दहा दोर.

[हवाई दृश्य: क्षितिजापर्यंत पांढरं मैदान. त्यावर काड्यापेट्यांसारख्या खोल्या.]

हे लेक ऑफ द वूड्स. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची उत्तर सीमा ज्या पाण्यात बुडालेली आहे ते हे सरोवर. थोडं मिनेसोटात, बरंचसं कॅनडाच्या ओंटारिओत आणि एक कोपरा मॅनिटोबात. क्षेत्रफळ ४,३०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण सातपट. बेटंच १४ हजारांहून अधिक. पण दक्षिणेकडचा हा मिनेसोटाचा भाग मोकळा आहे. बेट नाही, झाड नाही, नजर अडेल असं काहीच नाही.

आम्ही आलो मिनिॲपोलिसहून. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, फेब्रुवारीतली पहाट, गाडीत चहाचा थर्मास आणि मागच्या सीटवर मालवणचा मित्र. या सहलीची कल्पना त्याची. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. इथे संगणकाचं काम करून त्याला अकरा वर्षं झाली, तरी मासे पकडायला जाण्याला तो ‘फिशिंग’ म्हणत नाही. ‘गरवूक जातंय’ म्हणतो. गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासा धरणं म्हणजे गरवणं. घाटावरच्या आम्हा चौघांना हा शब्द त्याने दिला, आणि दोन दिवस आम्ही तोच वापरला.

सोबत काका होते. साठी ओलांडलेले, मूळचे साताऱ्याचे, १९८०च्या दशकात इथे आलेले. तेव्हा ते उलट्या बादलीवर बसून, वाऱ्याकडे पाठ करून गरवायचे. डोक्यावर छप्पर नसायचं.

[रस्त्याचं दृश्य. दोन्ही बाजूंना सुचीपर्णी जंगल. ‘वास्किश’ अशी पाटी.]

बेमिडजी गावात आम्ही मिसिसिपी ओलांडली. इथे ती अगदी लहान आहे, आपल्याकडच्या एखाद्या ओढ्याएवढी वाटते. त्यानंतर ब्लॅकडक, आणि तिथून ७२ क्रमांकाचा रस्ता सरळ उत्तरेला. वास्किशला काकांनी गाडी थांबवायला सांगितली. डाव्या हाताला अप्पर रेड लेक गोठून पसरलं होतं.

या सरोवराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रेड लेकचा बहुतांश भाग इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या रेड लेक नेशनच्या ताब्यात आहे, थोडा राज्याच्या. इथला मुख्य मासा वॉलाय. ओजिब्वे भाषेत त्याला ‘ओगा’ म्हणतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ संपला. जाळ्यांनी व्यापारासाठी पकडला, गळांनी हौसेसाठी पकडला, चोरून पकडला. सगळ्यांनी मिळून संपवला. मग १९९७ साली रेड लेकच्या लोकांनी आपली जाळी स्वतःहून बाहेर काढली. ज्या माशावर घरं चालत होती तोच मासा धरायचा नाही, असं ठरवलं. १९९९ साली राज्याशी करार झाला आणि दोन्ही बाजूंनी वॉलायची मासेमारी पूर्ण बंद झाली. कोट्यवधी पिल्लं पाण्यात सोडली गेली, आणि वाट पाहिली गेली. २००६च्या मे महिन्यात सरोवर पुन्हा उघडलं. तेव्हापासून तिथे वॉलाय आहे, भरपूर आहे.

आमचा मालवणचा मित्र हे ऐकताना गप्प होता. मग एवढंच म्हणाला, “आमच्याकडे दोन महिने बंद असतं, तेव्हासुद्धा लोकांचा जीव खालीवर होतो.” आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. दोन महिन्यांतही कोळीवाड्यात उधारी वाढते. इथे लोकांनी वर्षानुवर्षं कळ काढली.

याच रेड लेकवर २०२३च्या डिसेंबरअखेर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरहून अधिक गरवणारे त्यावर अडकले. सगळे सुखरूप परत आणले गेले. तो हिवाळा मिनेसोटातला नोंदींमधला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. काका सांगत होते की पूर्वी नाताळात ते बर्फाबद्दल फारशी चौकशी करत नसत, आता रोज करतात. माणसाने चालायचं तर निदान ४ इंच स्वच्छ, टणक बर्फ हवा, ही इथली शिकवण. गाडीला त्याच्या कितीतरी पट. आणि पांढरट, बर्फ-पाणी मिसळून गोठलेल्या थरावर तोही हिशेब धरायचा नाही.

[बॉडेट गाव. चाळीस फुटी माशाचा पुतळा.]

दुपारी बॉडेट. गावाच्या तोंडाशी हा वॉलायचा पुतळा, ४० फूट लांब, १९५९ पासून उभा. फोटो काढला आणि निघालो. रेनी नदी इथून जवळच सरोवराला मिळते.

नकाशात पाहिलंत तर या सरोवराच्या पलीकडे अमेरिकेचा एक तुकडा चिमणीसारखा वर आलेला दिसेल. त्याला नॉर्थवेस्ट अँगल म्हणतात. १७८३च्या पॅरिस तहात लिहिलं गेलं की सीमा या सरोवराच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला मिसिसिपी नदीपर्यंत जाईल. पण आम्ही सकाळी ओलांडलेली ती चिमुकली नदी सरोवराच्या खूप दक्षिणेला उगम पावते. पश्चिमेला कितीही गेलं तरी ती लागणारच नव्हती. १८१८ साली चूक निस्तरताना वायव्य टोकापासून खाली ४९व्या अक्षांशापर्यंत रेघ ओढली, आणि हा तुकडा पाण्यापलीकडे एकटा राहिला. अलास्का वगळली तर अमेरिकेचं सर्वांत उत्तरेचं टोक तेच.

[पट्ट्यांच्या चाकांची जुनी गोल गाडी बर्फावरून जाते. मागे बर्फाचा धुरळा.]

किनाऱ्यावरून आम्हाला आत नेलं ते या बॉम्बार्डिअरने. पुढे स्की, मागे रणगाड्यासारखे पट्टे, आत समोरासमोर बाकं. वाटेत एका ठिकाणी बर्फाला भेग पडून कडा वर आल्या होत्या, तिच्यावर लोखंडी पूल टाकलेला होता. चालक तिथे उतरला, पायाने चाचपून पाहिलं, मगच गाडी घातली. बाहेर उणे २८. श्वास पापण्यांवर गोठत होता. काकांनी सगळ्यांचे हातमोजे स्वतः तपासले, घरातल्या मोठ्या माणसाने तपासावेत तसे.

खोली दहा बाय वीसची. गॅसची शेगडी, विषारी वायूची सूचना देणारी घंटी, भिंतीला खाटा, आणि जमिनीत झाकणं असलेली भोकं. झाकण उचललं की खाली बर्फात पाडलेली विहीर, दहा इंच रुंद. पाणी काळंभोर. त्यावर दर थोड्या वेळाने सायीसारखा पापुद्रा धरतो. तो काढायला जे अवजार देतात ते पाहून आम्ही सगळे एकदम म्हणालो, “झारा!” भजी तळायचा झाराच तो, दांडा तेवढा लांब.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं, आणि वरच गोठतं. म्हणून सरोवर वरून झाकलं जातं, तळापासून गोठत नाही. तळाशी चिखल, त्यावर जरा कमी थंड पाणी, आणि त्यात मासे हळूहळू फिरत असतात. हे सगळं शाळेत शिकलो होतो. भोकाच्या काठावर गुडघे टेकून खाली पाहिलं तेव्हा पहिल्यांदा पटलं.

[हातांचं जवळून दृश्य. छोटी काठी, चमकतं शिसं, चांदीसारखा बोटभर मासा.]

इथे हिवाळ्यात माणशी दोन दोर टाकता येतात. एक काठी हातात धरायची आणि आमिष खालीवर नाचवायचं. दुसरी ठेवून द्यायची, तिच्यावर बोंडाएवढा तरंगा. आमिष म्हणजे गोठवलेले एमराल्ड शायनर, बोटभर लांबीचे, पाचूसारखी झाक असलेले. शेजारी एक यंत्र असतं. त्याच्या तबकडीवर तळ, तुमचं आमिष आणि येणारा मासा, तिन्ही रंगीत रेघा होऊन दिसतात. मालवणच्या मित्राने ते यंत्र दहा मिनिटांत बाजूला ठेवलं. दोर तर्जनीवर घेऊन तो डोळे मिटून बसला. त्याच्या आज्याने त्याला असंच शिकवलं होतं, होडीत.

पहिला तास काही नाही. दुसरा तासही तसाच. नागपूरचा मित्र झोपला. काकांनी चहा केला.

मग कोल्हापूरकरांचा तरंगा सावकाश खाली गेला. वर आला तो सॉगर, वॉलायचा लहान भाऊ, अंगावर तपकिरी डाग. त्यानंतर एकामागून एक चार. आणि एकदा काठी अशी वाकली की सगळे उठून उभे राहिलो. वर आलं ते ईलपाउट. बर्बट असंही त्याचं नाव. निसरडं लांब अंग, हनुवटीला एकच मिशी, आणि बाहेर येताच शेपटीने मनगटाला विळखा. समुद्रातल्या कॉडच्या घराण्यातला गोड्या पाण्यात राहणारा हा एकटाच मासा, आणि तो अंडी घालतो ती भर हिवाळ्यात, या बर्फाखाली. पुष्कळ लोक त्याला नाक मुरडतात. आमच्या मालवणकराने त्याला दोन्ही हातांनी धरून पाहिलं आणि म्हणाला, “ह्यो माझो.”

[खिडकीबाहेर सूर्य क्षितिजावर. बर्फ नारिंगी.]

वॉलायचा वेळ संध्याकाळचा. त्याच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसा. उजेड कमी होतो तेव्हा शिकार आंधळी होते आणि याला दिसत राहतं. ही पंधरा-वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, असं काकांनी सांगितलं होतं. सांगायची गरज नव्हती.

मित्राचं बोट हललं. त्याने झटका दिला नाही, एक श्वास थांबला आणि मग मनगट उचललं. दोर भोकाच्या कडेवर घासत सुटला. “काठी वर धर!” काका ओरडले. तो स्वतःशीच पुटपुटत होता, “हळू वड रे, तुटात.” तीन वेळा मासा भोकापर्यंत आला आणि तीन वेळा खाली गेला. चौथ्यांदा डोकं दिसलं. टॉर्चच्या उजेडात डोळे चांदीच्या नाण्यांसारखे चमकले.

सोनेरी अंग, पांढरं पोट, टम्म. पट्टीवर ठेवला. २३ इंच.

या सरोवराच्या मिनेसोटाच्या बाजूला नियम असा आहे: साडेएकोणीस ते २८ इंचांमधला वॉलाय ताबडतोब सोडायचा. त्याहून लहान ठेवता येतात, २८च्या वरचा एखादाच. वॉलाय आणि सॉगर मिळून माणशी सहा, त्यांत वॉलाय चारांपेक्षा जास्त नाहीत. मधल्या मापाचे मासे बहुतेक विणीच्या माद्या असतात. मोठी मादी एका वसंतात लाखाहून अधिक अंडी घालू शकते. बर्फ वितळला की यांतल्या कितीतरी रेनी नदीत चढतील.

मित्राने मासा ओल्या हातांनी दोन्ही बाजूंनी धरला, भोकात उभा सोडला आणि शेपटीपाशी क्षणभर हात ठेवला. पाणी उसळून त्याच्या तोंडावर आलं. मासा गेला होता. आयुष्यात गरीवर एवढा मोठा मासा त्याला पहिल्यांदाच लागला होता. मी हे चित्रित करत होतो, आणि माझा हात हललेला तुम्हाला दिसेल. तो भाग मी कापलेला नाही.

[तव्यावर चरचर.]

रात्री सॉगरच्या तुकड्या. हळद, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, रव्यात घोळवून तव्यावर. ईलपाउटची कढी, तिरफळं घालून. तिरफळं त्याने घरून डबीत आणली होती, दहा-बारा मोजून. काका जेवताना बोलले नाहीत, फक्त दुसऱ्यांदा भात मागितला.

साडेसात वाजले. मालवणात दुसऱ्या दिवसाची सकाळ, सात. फोनला दोन काड्या रेंज होती. वडिलांचा चेहरा पडद्यावर आला, मागे माडांची रांग. मुलाने हातभर माप दाखवून मासा सांगितला.

“गाभोळी होती?”

“अंडी होती असतली. पोट मोठा होता.”

“आणि सोडलंस?”

“सोडलंय.”

वडिलांनी मान डोलावली. तेवढ्यात बाहेर बर्फ घुमला, लांबपर्यंत.

“आवाज कसलो तो?”

“बर्फाचो, बाबा.”

“फुटता?”

“नाय. वाढता.”

वडिलांना विहीर बघायची होती. मित्राने झाऱ्याने पापुद्रा काढला आणि फोन भोकावर धरला. काळं पाणी, त्यात जाणारा एक बारीक दोर. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपला फोन फिरवला. वाळूवर दोन ओळींत माणसं पाय रोवून उभी होती, आणि समुद्रातून रापणीचा दोर हळूहळू वर येत होता.