रात्री दोनचा निर्णय दुपारी घ्या

कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना डॉक्टर कधीतरी समोर बसवून सांगतात, ‘आता घरी न्या.’ हृदय, फुप्फुस किंवा किडनी निकामी होत चाललेल्यांच्या घरी हे वाक्य बहुधा कुणी बोलतच नाही. कारण हे आजार सरळ उतरत नाहीत. पेशंट ॲडमिट होतो, आठ दिवसांत चहा मागतो, घरी येतो. पण दर खेपेला आधीपेक्षा थोडा खाली येऊन थांबतो. मागच्या वेळी बाथरूमपर्यंत जात होता, आता पलंगाच्या कडेपर्यंत. वर्षात दोन-तीनदा असं झालं की घरीच शेवटच्या काळजीच्या तयारीला लागायचं. उपचार बंद करायचे असं नव्हे.

आधी धापेचं बघू. विडीच्या तंबाखूची आणि यंत्रमागावरच्या सुताची धूळ आयुष्यभर ओढलेली फुप्फुसं सोलापूरला नवी नाहीत. धाप वाढली की सगळे पलंगाभोवती गोळा होतात आणि पहिला हात ऑक्सिजनच्या नॉबकडे जातो. तिथेच चुकतं. सीओपीडीच्या (श्वासनळ्या आखडण्याच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला बोटावरच्या ऑक्सिजन मीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरतात आणि ते बहुधा मिनिटाला १-२ लिटरवर मिळतात. नॉब पाचवर नेला तर आकडा ९८ दिसतो, घरचे निश्चिंत होतात. आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेशंट गुंगीत जातो. त्याऐवजी त्याला बसवा, पुढ्यात स्टुलावर दोन उशा ठेवून त्यावर हात टेकू द्या, खिडकी उघडा, टेबलफॅनचा वारा थेट नाका-गालावर घ्या. वाऱ्याने आकडा हलत नाही, धाप मात्र कमी जाणवते. तरीही भागलं नाही तर डॉक्टर मॉर्फिन देतात, तेही १० मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग इतकं थोडं. सोबत पोट साफ ठेवणारं औषध हवंच. किडनी गेली असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, म्हणून तिथे वेगळं औषध किंवा कातडीवर चिकटवायचा औषधी पॅच. पॅच लावलेल्याला आपल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली झोपवू नका. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं आणि वीज जाणारच, हे धरून सिलिंडर तयार ठेवा. बी-टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो: २ लिटरने बारा तास, ५ लिटरने पाच. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी काही नको.

कूस दर दोन तासांनी बदला. सोलापुरी चादर इथे फार उपयोगी: दुहेरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घाला, दोघांनी दोन्ही कडा धरून पेशंटला उचला. ओढायचं नाही, ओढलं की माकडहाडावरची कातडी सोलते. चादरीवर मऊ सुती धोतर पसरा, तिची वीण खरखरीत असते. टाचांखाली नव्हे, पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. मधोमध भोक असलेली रिंग विकत घेऊ नका. तिच्या कडेने रक्त अडतं.

कडक भाकरी आमटीत पूर्ण विरघळवून, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून भरवा. पेशंट तोंड मिटून घेतो तेव्हा ‘दोन घास तरी’ हा आग्रह सोडा. शेवटच्या दिवसांत न खाल्ल्याने मरण येत नसतं, मरण येत असतं म्हणून खाणं सुटतं. ओलं गॉज ओठांवरून फिरवा. घशात घरघर वाजू लागली तर कुशीवर वळवा. तो आवाज ऐकणाऱ्याला जड जातो, पेशंट बहुधा त्याच्या पलीकडे गेलेला असतो.

आयसीयू, व्हेंटिलेटर नको असेल तर शुद्धीत असतानाच लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

त्याखेरीज एक साधा कागद करा: धाप वाढली तर कुठलं औषध, कितीदा, फोन कुणाला, सिलिंडर कुठून, आणि घरी मृत्यू झाला तर ४-ए दाखला (मृत्यूच्या कारणाचा) कोण डॉक्टर देणार. आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर पहाटे पाचला दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं. हा कागद कपाटात नको, फ्रीजच्या दारावर लावा. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर त्या भाषेतही एक प्रत.