साखर तीच, वळण वेगळं

मंडळी, मेनिन्गोकोकस हा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या घशात मुक्काम करून असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. पण तो रक्तात उतरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला, की काही तासांत जिवावर बेततं. रक्तात तो तगून राहतो तो अंगावरच्या शर्करेच्या कवचामुळे, आणि या कवचावरूनच त्याचे ए, बी, सी असे गट पडतात. आज मी मुख्यतः बी आणि सी बद्दल बोलणार आहे. शर्करासाखळीचा आकार काय करू शकतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

दोन्ही गटांचं कवच एकाच शर्करेचं असतं: सायलिक आम्ल. या रेणूत नऊ कार्बन. त्यातल्या दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या कार्बनचं, एका ऑक्सिजनला सोबत घेऊन, कडं बनतं. सातवा, आठवा आणि नववा कड्याबाहेर लोंबतात. साखळी बनताना एका रेणूचा दुसरा कार्बन शेजारच्या रेणूच्या या लोंबत्या भागाला जोडला जातो. बी गटात आठव्या कार्बनला, सी गटात नवव्याला. फरक एवढाच! मणी तेच, पण भोक जरा बाजूला पाडलं तर माळ वेगळी पडते, तसं हे आहे. सी गटाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणारी शरीराची संरक्षक प्रथिनं, बी गटाला ओळखत नाहीत.

बी गटाची साखळी तर फारच विलक्षण. शर्करा ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या खाचेत एरवी जेमतेम सहा-सात रेणू मावतात. इथे मात्र सलग आठ-दहा रेणू असल्याशिवाय प्रतिपिंड नीट चिकटतच नाही. कॅनडात हॅरोल्ड जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना तपासायचं तंत्र, वापरून याचा माग काढला. त्यांचं म्हणणं असं, की पाण्यात ही साखळी सतत हलत असते. ती पुरेशी लांब असेल तरच तिचा एखादा भाग मळसूत्रासारखं वळण घेतो, आणि प्रतिपिंड पकडतं ते या वळणाला.

मग याच साखळीची लस का नाही केली? कारण ती आपल्याही अंगात आहे. गर्भाच्या मेंदूतल्या चेतापेशींवर हुबेहूब हीच साखळी असते. फिनलंडमधल्या युक्का फिने आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हे साम्य दाखवलं. शरीर तिला आपलीच समजतं, आणि मुद्दाम तिच्याविरुद्ध उठवावं तर स्वतःच्याच पेशींवर हल्ला होण्याची भीती. सी गटाची शर्करा प्रथिनाला जोडून केलेली लस ब्रिटनने 1999 मध्ये सर्रास द्यायला सुरुवात केली. बी गटासाठी शर्करेचा नाद सोडून जिवाणूच्या प्रथिनांकडे वळावं लागलं. अशी व्यापक उपयोगाची लस युरोपात मंजूर व्हायला 2013 उजाडलं.

न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूमध्येही हेच. त्याच्या 19एफ आणि 19ए या प्रकारांच्या कवचात ग्लुकोज आणि रॅम्नोज या दोन शर्करांमधला एकच बंध वेगळा. सुरुवातीच्या लसीत 19एफ होता, तो 19ए लाही आवरेल अशी आशा होती. ती फोल ठरली. 19ए बळावला आणि पुढच्या लसीत त्याला वेगळं घ्यावं लागलं.

आता मेनिन्गोकोकसचा ए गट. आफ्रिकेतल्या साथींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनआफ्रिव्हॅक ही ए गटाची लस 2010 मध्ये बुर्किना फासोत पोचली. ए गटाच्या साखळीवर जागोजागी ॲसिटिल गट, म्हणजे काही अणूंचे पुंजके, बसलेले असतात, अगदी चिमुकले. ते काढून टाकले तर उंदरांमध्ये या शर्करेचा लस म्हणून प्रभाव फार घसरतो, म्हणून उत्पादनात त्यांचं प्रमाण मोजावं लागतं. यावरून सरसकट नियम मात्र करू नका: सी गटाच्या शर्करेवरचे ॲसिटिल गट काढून केलेली लस वापरात आहे आणि ती उत्तम काम करते. कुठला ॲसिटिल गट आकार सांभाळतो आणि कुठला नुसता बसलेला आहे, हे दर साखळीपाशी नव्याने तपासावं लागतं.