राजमुकुट आणि हिरवा कळवळा

श्रोतेहो, नमस्कार. युरोपातील राजघराण्यांचा पर्यावरणाविषयीचा कळवळा कितपत खरा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जानेवारी 1961 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या भारतभेटीत त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी जयपूरच्या महाराजांचे पाहुणे म्हणून रणथंबोरच्या जंगलात वाघ मारला. त्याच वर्षी वन्यजीवांच्या रक्षणासाठी वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड स्थापन झाला आणि त्याच्या ब्रिटिश शाखेचे पहिले अध्यक्ष फिलिपच झाले. त्या काळी आपल्याकडे शिकार कायदेशीर होती, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांना मात्र तशी सबब नव्हती. ते याच संस्थेच्या स्पेनमधील शाखेचे मानद अध्यक्ष होते, आणि 2012 मध्ये, देश आर्थिक संकटात होरपळत असताना, ते हत्तीच्या शिकारीसाठी बोत्स्वानाला गेल्याचे उघड झाले. तेही तिथे पडून कंबरेचे हाड मोडल्यामुळे. त्यांनी जाहीर माफी मागितली, तरी संस्थेने ते पदच रद्द केले.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ असा शेरा मारून इथेच थांबता आले असते, पण राजे चार्ल्स यांच्या बाबतीत तो अन्यायाचा ठरेल. 1970 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हवेच्या प्रदूषणावर आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर ते जाहीरपणे बोलले, तेव्हा त्यातून टाळ्या मिळण्याची शक्यता नव्हती. हायग्रोव्ह या आपल्या ग्रामीण निवासस्थानाजवळची शेती 1980 च्या दशकात त्यांनी सेंद्रिय पद्धतीकडे वळवली, तेव्हा त्यांची टिंगलच झाली. त्यांची जुनी ॲस्टन मार्टिन गाडी वाइन आणि चीजच्या उद्योगांतील टाकाऊ द्रवांपासून बनवलेल्या इंधनावर चालते, हे ते कौतुकाने सांगतात. मला मात्र त्या गाडीपेक्षा ती शेती अधिक बोलकी वाटते, कारण पिकाला छायाचित्रापुरते सेंद्रिय राहता येत नाही.

अडचण माणसाच्या मनात नसून संस्थेच्या विशेषाधिकारात आहे. ब्रिटनमध्ये राजाच्या खासगी हितसंबंधांना स्पर्श करणारे विधेयक संमत होण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी लागते. स्कॉटलंडमध्ये इमारतींना सामायिक वाहिन्यांतून कमी कार्बनची उष्णता पुरवण्याचा कायदा 2021 मध्ये होत होता. त्या वाहिन्यांसाठी जमीन सक्तीने घेण्याच्या तरतुदीतून राणींची खासगी जमीन वगळावी, असा आग्रह त्यांच्या वकिलांनी धरला आणि सरकारने तो मान्य केला. ही अनुमती निव्वळ औपचारिक असते, असा राजवाड्याचा खुलासा आहे; मग कायद्याचा मसुदा बदलला कसा, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

पैशाचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. इंग्लंड आणि वेल्सभोवतीचा समुद्रतळ क्राउन इस्टेट या राजपदाच्या मालमत्तेकडे आहे. तिचा नफा सरकारी तिजोरीत जातो आणि त्याच्या ठरावीक टक्क्यांइतके अनुदान राजघराण्याला मिळते. तिथल्या पवनचक्क्यांच्या भाडेकरारांतून तिचा नफा प्रचंड वाढला. हा वाढीव नफा जनहितासाठी वापरावा, अशी इच्छा चार्ल्स यांनी 2023 मध्ये कळवली आणि राजघराण्याच्या अनुदानाचा या नफ्यातील वाटा 25 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आला. तरीही नफाच एवढा होता की 2025-26 साठी ते अनुदान 8 कोटी 63 लाख पौंडांवरून 13 कोटी 21 लाख पौंडांवर गेले. बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीचा खर्च त्यातूनच भागवला जातो. हा त्याग खोटा नव्हता, पण त्याची झळ राजवाड्याला बसली नाही, आणि ज्या कायद्याने ती बसू शकली असती त्यातून तर सूटच मागून घेतली होती.